साताऱ्याजवळचा एकटा सिंह

आफ्रिकेहून परत आल्यापासून मुहर्रकला विमानतळाच्या मालगोदामात जो भेटतो तो एकच विचारतो, "हनीफ, सिंह बघितला काय?" बघितला. एक नव्हे, बरेच बघितले. फोटोही आहेत, पण ते मी फारसे दाखवत नाही. इथे बहरीनमध्ये आमच्या रायगड-रत्नागिरीकडची खूप माणसं आहेत. सुट्टी मिळाली की ती गावी जातात, कुणी मक्केला उमऱ्याला जातं, पण आफ्रिकेला कुणी जात नाही. म्हणून सगळ्यांना उत्सुकता. एकेकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून बसलो आहे. लिहिताना सिंहांच्या मध्ये मध्ये घरचंही येईल. ते चालवून घ्या.

घरचं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माहूजमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तो भाड्याने घेतला माझ्या थोरल्या भावाने. त्याला मी भाय म्हणायचो. तो जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फिटर होता आणि मी गोदामात कारकून. एका खोलीत भाय, भाबी आणि त्यांची मुलगी सना. दुसऱ्या खोलीत, म्हणजे बैठकीतल्या सोफ्यावर, मी. दोघांच्या कमाईवर घर आरामात चालायचं. माझ्या लग्नाची बोलणी दर सुट्टीत निघायची आणि मी दर सुट्टीत ती पुढे ढकलायचो, कारण मला त्या घरात काही कमीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भायला कामावर असतानाच छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. त्याला इथल्याच कब्रस्तानात माती दिली. भाबीचा आणि सनाचा व्हिसा त्याच्या नावावर होता, त्यामुळे त्याची मुदत संपली की त्या दोघींना इथे राहता येणार नव्हतं. इद्दत, म्हणजे विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस, झाली, वर्षही उलटलं. मग म्हसळ्याकडे आमच्या गावात मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की हनीफने भाबीशी निकाह करावा, म्हणजे पोरीची शाळा सुटणार नाही आणि घरही मोडणार नाही. आमच्याकडे असं होतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही. मोजक्या माणसांत निकाह झाला. दहा-अकरा वर्षं जिला भाबी म्हटलं ती माझी बायको झाली. नाव तिचं नसीम. पण जिभेला वळण लागलेलं असतं. मी तिला नसीम म्हणायला जायचो आणि तोंडातून भाबीच बाहेर पडायचं. मग दोघंही दुसरीकडे बघायचो.

सना तेव्हा नऊ वर्षांची होती, आता दहा. मी तिचा चाचा. निकाहच्या आधी ती माझ्या पाठीवर बसून माहूजच्या दुकानापर्यंत यायची. निकाहनंतर सलाम करायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. ती मला वाईट कधीच बोलली नाही. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

दापोलीहून तिची नानी दर शुक्रवारी फोन करायची. "पोरीला आमच्याकडे पाठवून द्या. इथे शाळा आहे, मामा आहेत. तुम्ही तुमचा नवा संसार करा." नसीमने काही तोडून सांगितलं नाही. तिने तो निर्णय सनावर सोडला. सुट्टी संपायच्या आत तू सांग, इथे राहायचं की नानीकडे, तू म्हणशील तसं. मला ती जायला नको होती. भायचं म्हणावं असं या जगात तेवढंच उरलं होतं. शिवाय ती मला आवडायची, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

भायने तिला कबूल केलं होतं की एकदा आफ्रिकेला फुफीकडे, म्हणजे आमच्या आत्याकडे, जाऊ आणि खराखुरा सिंह दाखवतो. शाळेच्या लायब्ररीतलं सिंहांवरचं एकही पुस्तक पोरीने सोडलेलं नव्हतं. आमच्या पासपोर्टवर पूर्वी दक्षिण आफ्रिका सोडून सगळीकडे जाता येईल असा शिक्का असायचा. तिथलं गोऱ्यांचं राज्य गेलं आणि तो शिक्काही गेला. मला वाटलं, भायचं वचन मी पुरं केलं तर कदाचित पोरगी माझी होईल. विमानतळावरच्या नोकरीमुळे तिकिटं जमून गेली, आणि जुलैत शाळेला सुट्टी लागताच आम्ही तिघं निघालो.

फुफीच्या घरी

बहरीन सोडताना रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि प्रिटोरियाजवळ फुफीच्या अंगणात सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. जुलैत थंडी असते हे सनाने आम्हाला आधीच सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि एकच स्वेटर घेतला. पहिले दोन दिवस मी फुफीच्या मुलाचा कोट घालून फिरलो. त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या खाली यायच्या.

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. लग्न होऊन बोटीने गेली ती गेलीच. मधल्या काळात तिचे आईबाप गेले, तिचा भाऊ म्हणजे माझे वडील गेले, आणि तिला मातीलाही येता आलं नाही. माझा जन्म तर ती गेल्यानंतरचा. तरी मला दारात बघताच तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आलास रे माज्या भावाच्या पोरा! सगला माज्या भावासारका दिसतंस. डोल्यांत बग, तोच."

आणि रडायला लागली. गंमत अशी की तिची बोली आमच्या गावात आता म्हातारीच माणसं बोलतात. आम्ही बहरीनला राहून हिंदी-इंग्रजीची खिचडी केली, आणि ती इतक्या लांब राहून अजून गावातच होती. रडणं आवरून तिने नसीमकडे पाहिलं. "आनि ही तुजी बायको?"

"होय," मी म्हटलं, "ही भाबी."

फुफीने कपाळावर हात मारून घेतला आणि तिचा मुलगा इस्माईल इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. नसीमसुद्धा पदराआड हसली. सना हसली नाही. फुफीने तिला जवळ ओढलं. "पोरी, आता हाच तुजा अब्बा. तसाच बोलवाचा." सनाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. तिचं बोलणं इथे मी मराठीत लिहितो आहे. ती शांतपणे म्हणाली, "हे माझे चाचा आहेत." फुफीने माझ्याकडे पाहिलं आणि विषय जेवणाकडे वळवला.

जेवण म्हणाल तर तांदळाचं सांदण, खिमा, आणि गावच्या चवीचं कालवण. कोकम तिथे मिळत नाही म्हणून चिंच घातलेली, एवढाच फरक. स्वयंपाकघरात फुफी नसीमच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "तू पोटुशी हायस ना? तिसरा म्हयना?" नसीमने मान हलवली. आम्ही हे अजून सनाला सांगितलेलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत रोज राहून जात होतं. मी वळून पाहिलं तर सना रिकामं ताट घेऊन दारात उभी. तिने ऐकलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. ताट ठेवून ती बाहेर गेली.

आफ्रिकेतला सातारा

इस्माईलभायचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. दर हिवाळ्यात तो आपली गाडी घेऊन क्रुगरच्या जंगलात जातो. आम्हाला वाटलं होतं की जंगल म्हणजे कुणीतरी शिकारी बंदूक घेऊन पुढे बसणार. तसं काही नाही. आपली गाडी, आपणच चालवायची, काचा वर, खाली उतरायचं नाही, आणि सूर्य मावळायच्या आत कुंपणाच्या आत परत. मागे बर्फाच्या डब्यात हलाल मटण, कोळसा, फुफीने बांधून दिलेलं सांदण. आमच्यासारखी हिंदुस्थानी कुटुंबं तिथे गाडी भरभरून येतात आणि तळावर बिर्याणी शिजवतात.

आम्ही जिथे उतरलो त्या तळाचं नाव सातारा. पाटी वाचून मी ओरडलोच. इस्माईलभाय म्हणाला, आपला सातारा नव्हे; जुन्या काळी इथल्या जमिनी मोजायला कुणी हिंदुस्थानी माणूस होता, त्याने सतराव्या तुकड्याला सत्रा म्हटलं आणि लोकांनी त्याचा सातारा केला. खरंखोटं अल्ला जाणे. मी मात्र पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

आम्हा बहरीनकरांना डोळ्यांपुढे इतकी मोकळी जमीन बघायची सवय असते, पण त्या जमिनीत जीव नसतो. इथेही सगळं वाळलेलं, गवत कंबरेएवढं आणि पिवळं. मात्र त्या गवतात कुठेही नजर ठेवली की थोड्या वेळाने तिथे कान हलायचा. हरणं तर इतकी की दुपारनंतर आम्ही गाडीही थांबवेनासे झालो. एक हत्ती रस्त्यात आडवा उभा राहिला आणि आम्हाला बराच वेळ मागे मागे जावं लागलं. दुपारी, उतरायची परवानगी असलेल्या जागी, झाडाखाली जेवायला बसलो, तेव्हा एका माकडाने येऊन सांदणाचा अख्खा डबा उचलला, फांदीवर बसून झाकण उघडलं, एक घास चाखला आणि डबा खाली टाकून दिला. इस्माईलभाय म्हणाला, "आईला सांगू नको. तिला लय वाईट वाटेल."

सिंह भेटला दुसऱ्या दिवशी. नदीकाठचा कच्चा रस्ता, नदीत पाणी थोडं आणि वाळूच जास्त. त्या वाळूवर तीन सिंहिणी पडल्या होत्या, आणि त्यांच्यात पिल्लांची नुसती धांदल. थोडा वर, मातीच्या ढिगावर, तो बसला होता. आयाळ मानेशी तांबूस, छातीपर्यंत काळी होत गेलेली. एक कान फाटलेला. मी आजवर चित्रात पाहिलेले सगळे सिंह तोऱ्यात असायचे. हा दमलेला वाटला. तो एकसारखा नदीपलीकडे बघत होता.

"गेल्या साली हे दोगं होते," इस्माईलभाय म्हणाला. "भाव भाव. दुसऱ्याला जिराफाची लात बसली. ईस्टरला आलो तवा इथल्या गार्डाने सांगितला, मेला तो."

मग त्याने आम्हाला सिंहांची रीत सांगितली, आणि जिथे तो अडला तिथे सनाने भर घातली. नर तीनेक वर्षांचा झाला की कळप त्याला हाकलतो. मग भाऊ-भाऊ, चुलतभाऊ मिळून भटकतात. कधी वाटेत भेटलेला परकाही त्यांच्यात सामील होतो. अशी टोळी जमली तरच एखादा कळप हाती लागतो, आधीच्या नरांना पळवून. दोन-तीन वर्षं तो राखायचा. मग कुणीतरी जास्त दमाचे येतात. एकटा असला की फार काळ कळप राखता येत नाही.

मला बहरीनच्या हमद टाउनमधली आमच्या गावच्या पोरांची खोली आठवली. गावातून बाहेर पडलेली पोरं, एकाला एक धरून राहिलेली, एकट्याने कुणी दिवस काढू शकत नाही. मी आणि भायही सुरुवातीला तिथेच राहिलो होतो. मी हे बोलून दाखवलं. इस्माईलभाय हसला, पण नसीम हसली नाही.

सनाने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "ही पिल्लं कुणाची? याची की मेलेल्याची?"

इस्माईलभाय सावकाश म्हणाला, "ते कुनाला मालूम नाय, बेटा. त्याला पन मालूम नाय. कलपातली पिल्लां म्हंजे आपली, इतकाच त्याला कलतं."

तेवढ्यात एक पिल्लू त्या ढिगावर चढलं आणि त्याने सिंहाच्या शेपटीचा गोंडा दातांत धरला. सिंह गुरगुरला. पिल्लू घरंगळून खाली पडलं, उठलं आणि पुन्हा चढलं. दुसऱ्यांदा त्याने गुरगुरायचेही कष्ट घेतले नाहीत. सना हसली. किती दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं! आणि हसता हसता तिने दुर्बीण आपणहून माझ्या हातात दिली. "चाचा, बघा ना, कान चावतंय आता."

त्या दिवशी तळावर कोळशावर मटण भाजलं तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिथे सुकवलेल्या मटणाच्या पट्ट्या मिळतात, बिल्टाँग म्हणतात. चामडं चावल्यासारखं लागतं. तिला ते भलतंच आवडलं आणि माझ्या वाटणीचंही तिने खाल्लं. मी इतका खूश झालो की भांडी विसळताना नसीमला म्हटलं, "बघ, राहील ही. मला खात्री आहे." त्या सिंहाने माझं काम केलं असं मला वाटत होतं. मी शंभर वेळा सांगून जे पोरीच्या मनात उतरलं नसतं ते त्याने शेपटी चावून घेऊन उतरवलं, असं मी स्वतःशीच म्हणत होतो.

मी हे म्हणत होतो तेव्हा कुंपणापलीकडून, लांबून, डरकाळ्या यायला लागल्या. इस्माईलभायने हातातला चिमटा खाली ठेवला. "हा आपला नाय," तो म्हणाला. सना कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "एक नाही. तीन आहेत."

नदीकाठी

दुसऱ्या दिवशी फाटक उघडताच आम्ही नदीवर गेलो. गवतावर धुकं होतं. रस्त्यात पुढे दोन गाड्या थांबलेल्या, आणि त्यांच्यासमोरून ते तिघं चालत येत होते. तरुण, अंगाने भरलेले, आयाळ अजून पुरती न वाढलेली. घाई नाही, लपणं नाही. आपल्या मालकीच्या रस्त्याने चालावं तसे ते एकामागून एक चालत होते. आमच्या गाडीला एकाचं अंग घासून गेलं आणि गाडी किंचित हलली.

"भाबी, काच! काच वर करा!" मी ओरडलो. काच वरच होती.

वाळूवरच्या सिंहिणी उठून उभ्या राहिल्या. फाटक्या कानाचा वेताच्या झुडपातून बाहेर आला. तो पळेल असं मला वाटलं होतं, नव्हे, पळावा असंच वाटत होतं. तो पळाला नाही. तो त्या तिघांच्या आणि पिल्लांच्या मधे येऊन उभा राहिला आणि त्याने जो आवाज काढला तो मी अजून विसरलेलो नाही. माझ्या छातीत तो आवाज हाडांपर्यंत जाणवला. मग ते भिडले. धूळ इतकी उडाली की कोण कुठला कळेना. दोघं समोरून, तिसरा मागून. मागच्याने त्याच्या कमरेला दात लावले. तो वळायचा तेव्हा पुढचे दोघं येत, पुढे वळायचा तेव्हा मागचा येई. माणूस असता तर म्हणालो असतो की त्याच्या पाठीला भाऊ हवा होता.

हे फार वेळ चाललं नाही. तो निसटला, मागचा पाय ओढत नदीच्या कोरड्या पात्रातून पलीकडे गेला. त्यांनी त्याचा पाठलागही धड केला नाही. दोन सिंहिणी पिल्लांना घेऊन वेतात शिरल्या होत्या. तिसरी तिथेच उभी राहून दात दाखवत होती. तिघांपैकी एक वेताच्या दिशेने चालायला लागला.

इस्माईलभायने गाडी सुरू केली. "थांबा," सना म्हणाली. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. आम्ही निघालो. त्या दिवशी आम्ही जिराफ पाहिले, पाणघोडे पाहिले, आणि कुणालाही काही दिसलं नाही.

पुढच्या दिवशी परत तिकडे जायची माझी तयारी नव्हती. सना म्हणाली, "मला पिल्लं बघायची आहेत." नसीमने मला हळूच सांगितलं की ने तिला, नाहीतर ती जन्मभर विचारत राहील. गेलो. एक सिंहीण वाळूवरून फिरत होती आणि घशातल्या घशात हाका मारत होती. थोडी चालायची, थांबायची, वेताकडे तोंड करून हाक मारायची, ऐकायची. वेतातून काही येत नव्हतं. ती पुन्हा चालायची. शेजारी गार्डाची गाडी येऊन थांबली तेव्हा इस्माईलभायने काच थोडी खाली करून पिल्लांबद्दल इंग्रजीत विचारलं. गार्डाने नुसती नकारार्थी मान हलवली. सनाने ते पाहिलं.

"नव्या नरांना आधीची पिल्लं नको असतात," ती म्हणाली. पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाली. "पिल्लं असली की आई त्यांच्याकडे बघत नाही. मग त्यांना स्वतःची होत नाहीत. पुस्तकात आहे."

नसीम पलीकडच्या काचेतून बाहेर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एक हात पोटावर होता. मला पोरीला काहीतरी सांगायचं होतं. माणसांत असं नसतं, हे सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे ती कशाबद्दल बोलते आहे ते मला कळलं असं कबूल करायचं होतं, आणि तिची आई शेजारी रडत होती. मी तिला बिस्किट दिलं. तिने घेतलं नाही.

परत फिरताना पुलाशी तो दिसला. झुडपाखाली आडवा, कमरेच्या जखमेवर माशा. आम्हाला पाहून त्याने डोकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. इस्माईलभायने गाडी बंद केली. सना खूप वेळ त्याच्याकडे बघत होती, दुर्बीण न लावता.

"त्याने का नाही वाचवली पिल्लं?"

"तो एकटा होता, बेटा," इस्माईलभाय म्हणाला. "त्याचा भाव असता तर गोष्ट येगली. एकट्याने किती जनांना सांभालायचा? त्याने त्याच्या परीने केला."

मला त्या वेळी त्या उत्तराचं बरं वाटलं होतं. सिंहाची बाजू कुणीतरी घेतली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. प्रिटोरियाला परतून निघताना फुफीने सनाला छातीशी धरून ठेवलं. "आता वर भेटू गो," म्हणाली. सनाने तिचे डोळे स्वतःच्या रुमालाने पुसले. मोठं माणूस पुसतं तसे. हे मी पाहिलं होतं, पण त्यातून मला काही कळलं नाही.

परत माहूज

बहरीनला विमानातून पायऱ्यांवर आलो आणि उकाड्याने तोंड भाजलं. दुसऱ्या दिवसापासून गोदाम. भाय गेल्यापासून मी आठवड्यातून तीन-चार वेळा एका शिफ्टला जोडून दुसरी करतो. करावी लागते, भाडं दोघांच्या हिशेबाने ठरलेलं आहे. घरी आलो की बूटही न काढता सोफ्यावर आडवा होतो, आणि कधीकधी जेवण तसंच झाकलेलं राहतं.

एका संध्याकाळी असाच आडवा झालो होतो. सनाने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि समोर खाली बसली. नसीम आत नमाज पढत होती.

"चाचा, मी ठरवलंय. मी नानीकडे राहणार."

मी उठून बसलो. "का? मी काही केलं का? तुला बाळाचं सांगितलं नाही म्हणून? बेटा, आम्ही सांगणारच होतो."

"मला फुफीच्या घरीच कळलं होतं. त्याचा राग नाही मला."

"मग? तू तिथे जे बघितलंस त्याने घाबरलीस का? अगं, ती जनावरं आहेत. मला तू नको आहेस असं वाटलं तुला? या बाळात आणि तुझ्यात मी..."

ती चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. "नाही चाचा! तुम्ही त्या तिघांसारखे कुठे आहात? तुम्ही तर तो आहात. फाटक्या कानाचा." आणि मग, अगदी समजावून सांगत म्हणाली, "अब्बू नाहीत. तुम्ही एकटेच आहात. आधी तुम्ही दोघं होता. आता अम्मी आहे, बाळ येईल, गावी दादीला पैसे पाठवावे लागतात. तुम्ही किती दमता ते मी रोज बघते. मी नानीकडे गेले की एक जण कमी होईल. मग तुम्हाला बाकीचे सांभाळता येतील."

मी तिला किती आणि काय काय सांगितलं. मी सिंह नाही म्हणालो, मी सगळ्यांना सांभाळीन म्हणालो, तू जास्त होतेस असं मला एक दिवसही वाटलं नाही म्हणालो. शेवटी रडलो, तिच्यासमोर. ती उठून सोफ्यावर बसली आणि माझ्या हातावर थोपटत राहिली. "हो चाचा. हो," म्हणत राहिली. आम्ही वर्षभर तिची जशी समजूत घालत आलो तशीच ती माझी घालत होती, आणि तिचा निर्णय जागचा हलला नव्हता. नसीम आतून आली, तिने सगळं ऐकलेलं होतं. तिने सनाला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला नाव घेऊन हाक मारणं तिलाही जमत नाही. "अहो," एवढंच ती म्हणाली.

आम्ही तिला अडवू शकलो असतो. नसीम म्हणाली, शब्द दिला होता की तू म्हणशील तसं. आता मोडला तर ती पुन्हा कशावरच विश्वास ठेवणार नाही. यावर आम्ही पुष्कळ बोललो, भांडलोही. नवराबायको म्हणून ते आमचं पहिलंच भांडण. मी हरलो.

नसीमचा एक भाऊ मुहर्रकला दुकानात आहे, तो गावी निघाला होता. सना त्याच्याबरोबर गेली. विमानतळावर आत जायच्या आधी तिने आईची पापी घेतली, आईच्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. मग माझ्यासमोर आली.

"चाचा, शुक्रवारी आपण दोघं अब्बूंच्या कबरीवर जायचो ना? मी पाणी घालायचे आणि तुम्ही फातिहाची दुआ पढायचात."

"हो."

"आता दोन्ही तुम्हालाच करावं लागेल. तेवढं एकट्याला जमेल ना?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरोखर काळजी होती. मी जमेल म्हटलं, आणि ती मामाचा हात धरून आत गेली.